दोन तास चाळीस मिनिटं

शेळीच्या खुरात बाभळीचा काटा रुतला होता. चंदा तिला भिंतीशी दाबून धरून तो काढायला बसली होती, तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिनं खुराचा चिखल फोनला लागू नये म्हणून हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

"आक्का, मी आदिनाथ बोलायलोय. मल्हारचा दोस्त. गुवाहाटीहून."

आदिनाथला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण नाव ऐकून होती. गंगाखेडकडचा पोरगा. तिचा भाऊ मल्हार आणि तो, दोघं दोन वर्षांपासून विजेचे उंच मनोरे उभारणाऱ्या एका कंपनीत होते. मल्हारला सुट्टी मिळाली की तो आसामचा चहा घेऊन यायचा आणि वर चढल्यावर कसे ढग पायाखाली दिसतात ते सांगायचा. त्यामुळे आदिनाथचा आवाज ऐकताच तिला कळलं, की दुसऱ्याच्या फोनवरून निरोप आला म्हणजे काहीतरी झालंय.

"काल सांजच्याला पडला तो. फार वरून न्हाई पडला, पर खाली लोखंड होतं, ते पायावर आलं. रातीच दवाखान्यात आनला. जिवंत हाय आक्का, तुमी घाबरू नका. पर रक्त पायजे. हितले डॉक्टर म्हणायलेत, असलं रक्त आमच्याकडं कुनाचंच न्हाई. शुद्धीवर होता तवा मला म्हणला, माझ्या बहिणीला फोन लाव."

चंदाच्या हातातून शेळी सुटली आणि लंगडत दावणीकडं गेली.

मल्हारनं बहिणीलाच फोन लावायला का सांगितलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात तिचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. रक्त थांबेना. ओ ग्रुपच्या पिशव्या आणल्या, तर एकही जुळेना. मग कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की हा बॉम्बे ग्रुप आहे. दिसायला ओ सारखा, पण याला ओ चंही रक्त चालत नाही, याला फक्त याच ग्रुपचं लागतं आणि असा माणूस हजारांत शोधूनही सापडत नाही. सापडला तर रक्ताच्या नात्यात सापडेल. आईबापाचं जुळलं नाही. मल्हार तेव्हा नुकता कॉलेजात जाऊ लागला होता. त्याचं जुळलं. दिवसभर उपाशी असलेल्या पोराला केळी चारून आडवं केलं आणि त्याची पिशवी चंदाला लागली. मुलगी वाचली नाही. चंदा वाचली.

आणि आता सात वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना चालू होता. गावात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

नवरा महारुद्र पूर्णा जंक्शनला रेल्वेचा गँगमन होता. नुकताच ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होता. तिनं सगळं सांगितलं तसा तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. मग आधी त्याला जे येत होतं ते त्यानं केलं, गाड्यांचा हिशोब.

"सिकंदराबादला जाऊन गुवाहाटीची गाडी धरली, तर परवा रातच्याला पोचतीस. तिथून पुढं लेट झाली तर काय सांगता येत न्हाई."

"परवा?" चंदा म्हणाली.

त्यानं सुनेत्रा मॅडमला फोन लावला.

सुनेत्रा मॅडम परभणीत शाळेत शिकवत होत्या. दुर्मिळ रक्ताच्या लोकांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, हा त्यांचा शाळेबाहेरचा उद्योग होता. मागच्या वेळी दवाखान्यातच कुणीतरी त्यांचा नंबर दिला होता. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, "चंदाताई, बऱ्या आहात ना? नंबर हाच आहे ना?" एवढंच विचारायला.

त्यांना गुवाहाटीची बातमी आधीच पोचली होती. आवाजावरून त्या सकाळपासून फोनवरच असाव्यात असं वाटत होतं. "बंगळुरूला एक गृहस्थ सापडलेत. आत्ता रक्त द्यायला निघाले आहेत. त्यांची पिशवी कोलकात्यावरून आज रात्रीपर्यंत पोचेल. पण डॉक्टर म्हणतायत एका पिशवीवर ऑपरेशन होणार नाही. निदान दोन तरी हव्यात."

"मी हाय की मॅडम."

"तेच म्हणतेय. तुमचं रक्त नांदेडला काढून पाठवायचं, तर इकडची परवानगी, तिकडची परवानगी, पिशवीची पेटी, त्यातच दिवस जाईल. त्यापेक्षा तुम्हीच पोचा. हैदराबादहून संध्याकाळी पाचला विमान आहे. दोन तास चाळीस मिनिटांत गुवाहाटी. एकच जागा शिल्लक दाखवतंय, ती मी धरून ठेवते. तिकिटाचं तुम्ही बघू नका, आमच्या ग्रुपवरची माणसं बघतील." मग त्या नेहमीचे प्रश्न विचारू लागल्या. "एक विचारते, नीट सांगा. ताप, कावीळ, काही औषधं? दिवसबिवस गेलेत का?"

समोर सासू भिवराबाई चुलीपाशी चहा गाळत होती. तिचा हात थबकला.

"न्हाई," चंदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर भिवराबाईनं गाळणी खाली ठेवली. "चंदे, खोटं कामून बोललीस?"

"खरं सांगितलं तर न्हाई घेणार ते रक्त."

"म्हून खोटं बोलायचं? सात वर्सं देवाम्होरं डोकं आपटलं. पोखर्णीच्या नरसिंहाला किती शनिवार गेलीस, मी मोजले न्हाईत. आन आता पोटातल्याचं रक्त काढून देतीस?"

"आत्याबाई, त्याचं बी होतंच की माझ्यात. त्यानं दिलं म्हून मी हाय हितं."

"त्याच्या पोटात लेकरू न्हवतं."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. महारुद्र उंबऱ्यावर बसला होता. तसा तो कमी बोलणारा माणूस. रुळावर दिवस काढणाऱ्याला बोलायची सवय राहत नाही. त्यानं आईकडं मान वळवली. मग म्हणाला, "आय, हिच्या बाळंतपणात मागच्यासारखं झालं, तर रक्त कोन देईल?"

भिवराबाई कपांत चहा ओतू लागली.

"मल्हारच देईल. तो ऱ्हायला तर," महारुद्र म्हणाला.

"आन दोगं बी न्हाई ऱ्हायले तर?" म्हातारी म्हणाली. तिनं चहा तिघांसमोर ठेवला आणि स्वतः न पिता गोठ्याकडं निघून गेली.

पूर्णेहून बोलेरो मिळाली. उसाचे दिवस. नांदेडच्या अलीकडंच दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता आणि ऊस सगळीकडं पांगला होता. पुढं एसटी, मागं ट्रक, मधे चंदाची गाडी. लोक उतरून उसाचे तुकडे मोडून खात उभे होते. कुणालाच घाई नव्हती. महारुद्र खाली उतरला, एकेका गाडीवाल्यापाशी जाऊन हात जोडत राहिला. "माझा मेव्हना मरायलाय हो, वाईच कडंला घ्या." माणसं वाईट नव्हती, पण कडेला घ्यायला कडच नव्हती. शेवटी ड्रायव्हरनं गाडी शेतात घातली. हरभऱ्याच्या रानातून, बांधावरून आदळत ते पुढच्या फाट्याला निघाले. प्रत्येक धक्क्याला चंदा दोन्ही हातांनी पोट धरत होती आणि ते नवऱ्याला दिसू नये म्हणून पदर पुढं ओढत होती. त्याला दिसत होतंच.

नांदेडला दोन मिनिटं गाडी थांबवून महारुद्रनं खजूर, गुळाची ढेप, शेंगदाणे आणि डाळिंबं घेतली. पुढं सगळ्या रस्त्यानं तो तिला खाऊ घालत राहिला. गूळ फोडून द्यायचा, डाळिंबाचे दाणे काढून ओंजळीत द्यायचा. "खा. रक्त वाढतंय त्यानं." सकाळी खाल्लेल्या गुळाचं सांजेपर्यंत रक्त होत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. तिला मळमळत होतं. तरी त्यानं दिलेला प्रत्येक घास तिनं गिळला. एकदा गाडी थांबवून ओकली, चूळ भरली आणि पुन्हा हात पुढं केला.

तेलंगणाची पाटी गेली. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. आदिनाथचा फोन यायचा, "आक्का, कुठवर आलात?" ती गावाची नावं सांगायची, जी त्याला माहीत नव्हती आणि तिलाही नव्हती. सकाळपासून गाडी नुसती पळत होती. तरी नकाशात महारुद्रनं दाखवलं, तर त्यांनी हाताच्या बोटाच्या पेराएवढंसुद्धा अंतर कापलं नव्हतं. बाकीचा सगळा देश अजून पुढं होता.

विमानतळाच्या दाराशी बंदूकवाल्या जवानानं तिचं आधार कार्ड पाहिलं, फोनमधलं तिकीट पाहिलं आणि तिला आत सोडलं. महारुद्रला हातानंच थांबवलं. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, हे दोघांनाही माहीत नव्हतं. गाडीत सात तास शेजारी बसून जे बोलायचं राहिलं होतं, ते आता मागं लागलेल्या रांगेत बोलायचं कसं?

"मी हितंच थांबतो. विमान उडंस्तोवर," तो म्हणाला.

"आवो, मी मॅडमला खोटं बोलले. तिथं बी बोलंन. तुमी मनातून..."

"जा," तो म्हणाला. "जा, उशीर हुईल." आणि उरलेल्या खजुरांची पिशवी त्यानं तिच्या हातात कोंबली.

विमानात तिला मधली जागा मिळाली होती. खिडकीशी फौजेतला एक जवान होता, निजामाबादकडचा, सुट्टी संपवून निघालेला. तिला पट्टा लावता येईना, तेव्हा त्यानं न विचारता लावून दिला. विमान धावायला लागलं तशी तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. जमीन सुटली तेव्हा तिचा हात आपोआप ओटीपोटाकडं गेला.

"पैली बार?" जवानानं विचारलं.

"हौ. भाई दवाखाने में है. कितना दूर है जी वो गाव?"

"ऊपर से सोला-सत्रा सौ किलोमीटर होंगा. रेल से जाओ तो डबल. ऊपर सीधा रस्ता है अम्मा, मोड नहीं, फाटक नहीं. पौने तीन घंटे."

पावणेतीन तास. चंदानं मनात हिशोब घातला. तिचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडायचे. दिवसाला दोन-अडीच कोस चालणं व्हायचं, तेही चारा बघून, पाणी बघून. सोळाशे किलोमीटर मेंढरं चालवत न्यायची तर उन्हाळा संपून पुढचा पाऊस लागला असता. आणि हे पावणेतीन तासांत पोचवणार होते. मग उशीर कशाचा होता? उशीर सगळा खालीच झाला होता. पडलेल्या उसात, दाराशी, रांगेत, सरकणाऱ्या जिन्यावर पाय ठेवायला भ्याली त्यात. आणि ज्या तासांत एवढं अंतर तुटायचं होतं, नेमक्या त्या तासांत फोन बंद होता.

हे तिला फोन बंद करायला लावला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळलं. खाली मल्हारचं काय झालं, हे तिला उतरेपर्यंत कुणी सांगू शकणार नव्हतं. तो गेला असला, तर ती मेलेल्या भावासाठी रक्त घेऊन चालली होती आणि विमानातला एकन् एक माणूस तसाच समोर बघत बसून राहणार होता. शेजारचा जवान पेंगत, पुढची बाई लेकराला बिस्कीट चारत. ती चारदा उठायला गेली. उठून करायचं काय, ते माहीत नव्हतं. चौथ्यांदा हवाई सुंदरीनं वाकून विचारलं, काही हवंय का. चंदा म्हणाली, "जल्दी पोचाओ." ती मुलगी हसली. मग चंदाचं तोंड पाहून तिचं हसू गेलं. तिनं पाण्याचा पेला आणून दिला.

खिडकीबाहेर अंधार लवकर पडला. आपल्याकडं अजून ऊन असेल, असं चंदाला वाटलं. मग इंग्रजीतून काहीतरी सांगितलं गेलं आणि माणसं आपापसात कुजबुजली.

"कोहरा है नीचे," जवान म्हणाला. "धुंद. थोडा चक्कर मारते हम लोगां."

विमान गुवाहाटीच्या डोक्यावर आलं होतं आणि उतरत नव्हतं. पंख कलायचा, खाली धूसर पिवळं काहीतरी दिसायचं, पुन्हा सरळ व्हायचं. भाऊ बरोबर खाली होता. वरून दगड टाकला असता तर त्याच्या दवाखान्याच्या अंगणात पडला असता. सतराशे किलोमीटर तुटले होते आणि एवढंसं अंतर तुटत नव्हतं. चंदानं डोळे मिटले. तिनं कुठल्या देवाला नवस केला नाही. सगळे नवस पोटातल्यासाठी करून झाले होते आणि आता त्याच्याविरुद्ध दुसरा मागायचा धीर तिला होईना.

चाकं जमिनीला लागली तेव्हा तिनं सगळ्यांच्या आधी फोन चालू केला.

"हाय आक्का," आदिनाथ म्हणाला. "हाय अजून. मी भाईर गाडी घेऊन उभा हाय. तुमी पळत या."

गाडीत बसल्यावर त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. "तुमच्या मागचं विमान उतरलंच न्हाई. धुकं वाढलं. ते कोलकात्याला माघारी गेलं. त्यातच होती ती बंगळुरूची पिशवी."

"मग?"

"आता उद्या सकाळच्याला. धुकं सरलं की." तो समोर बघत गाडीवाल्याला हिंदीत घाई करू लागला. "आता तुमचंच काय ते."

मल्हारला तिनं काचेतून पाहिलं. चेहरा पिठासारखा पांढरा, ओठ सुकलेले. गुडघ्याखाली चादर उंच झाकलेली. आत जाऊ देत नव्हते. तिनं काचेवर हात ठेवला तेवढ्यात डॉक्टरीण आली, पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली. तिनं चंदाला एका खोलीत नेलं. ती हिंदीत विचारायची, आदिनाथ मराठीत सांगायचा. ताप? न्हाई. कावीळ? न्हाई. मागच्या तीन महिन्यांत रक्त दिलंय? न्हाई.

नर्सनं बोटाला टोचून थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा पाहून तिनं डॉक्टरणीला दाखवला. डॉक्टरणीनं चंदाच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढून पाहिली, तिची नखं पाहिली. मग हळू आवाजात आदिनाथला काहीतरी विचारायला सांगितलं. पोरगा लाल झाला. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आक्का, त्या विचारायलेत... पाळी कदी आली होती म्हून."

खोटं बोलायचं पक्कं ठरवून ती सकाळपासून इथवर आली होती. मॅडमशी बोलली होती, तसंच बोलायचं होतं. पण या परक्या पोरानं, ज्याला बहीण असेल नसेल, भिंतीकडं तोंड करून तो प्रश्न विचारला आणि तिच्या तोंडून ठरवलेलं खोटं निघेना. गप्प बसण्यातच उत्तर होतं. डॉक्टरणीनं एक हात तिच्या पोटावर ठेवला.

"कितने महीने?"

"तीसरा," चंदा म्हणाली. आणि लगेच, "पर घ्या तुमी. आदिनाथ, सांग त्यांना, मी लिहून देते. मला काय झालं तर माझं मी. आर्धी पिशवी घ्या. पाव घ्या."

आदिनाथनं सांगितलं. डॉक्टरणीनं मान हलवली. चंदा खुर्चीवरून उतरून तिच्या पायाशी बसली. "बाई, मी लय लांबून आलेय. मला माघारी नका लावू. मला नवऱ्यानं वाटभर खाऊ घातलंय, बघा, हे खजूर अजून हायेत. म्या खाते. तासाभरानं परत बघा."

डॉक्टरणीनं तिला उठवायचा प्रयत्न केला नाही. ती स्वतःच खाली बसली, फरशीवर, तिच्यासमोर. आणि सावकाश हिंदीत बोलली, चंदाला कळावं म्हणून सोप्या शब्दांत. तुझ्यातच रक्त कमी आहे. तुझ्यातून काढलं तर तू पडशील, आणि तुला चढवायला या शहरात कुणाचंही रक्त नाही. माझ्या हातून एकाऐवजी तीन जीव जातील. मी हे करणार नाही. तू पाया पडलीस तरी नाही.

मग तिनं पुढचं सांगितलं. मल्हारचा पाय वाचवायचा, तर रक्ताच्या नळ्या जोडायच्या, हाड बसवायचं. चार-पाच तासांचं काम, आणि त्याला रक्त लागणारच. उद्या पिशवी येईपर्यंत तो पाय तसाच ठेवला, तर त्याचं विष अंगात चढेल आणि माणूस जाईल. रक्ताशिवाय एकच काम करता येतं आणि ते आत्ता, लवकर. पाय काढायचा. गुडघ्यावरून.

"जवळचं माणूस तूच आहेस इथे. तुझी सही लागेल."

आदिनाथला हे मराठीत सांगता येईना. त्याची गरजही नव्हती.

चंदानं महारुद्रला फोन लावला. लागला नाही. परतीच्या रस्त्याला कुठंतरी रेंज नसेल. वडिलांना लावला, ते मेंढरांमागं होते, त्यांचा फोन दिवसातून एकदा चालू व्हायचा. तिनं पुन्हा महारुद्रला लावला. मग फोन मांडीवर ठेवला. रक्त द्यायला ती सतराशे किलोमीटर आली होती आणि तिच्याकडून हे मागत होते. मनोऱ्यावर चढणाऱ्या पोराचा पाय. ढग पायाखाली दिसतात म्हणणाऱ्याचा.

"जगंल का?" तिनं विचारलं.

"कोशिश करूँगी," डॉक्टरीण म्हणाली. जगेल म्हणाली नाही.

चंदानं सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, नाव लिहिता येत होतं. पण त्या दिवशी 'चंदा'च्या जागी नुसती वाकडी रेघ उमटली आणि नर्सनं शेजारी अंगठाही घेतला.

धुकं दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावर सरलं. कोलकात्याचं विमान उतरलं, पेटी आली, पिशवी लागली. एकच. मल्हारला एकच पुरली, कारण आता रक्त जायला तो पाय नव्हता. चंदानं डॉक्टरणीला एकदाच विचारलं, की ते विमान काल उतरलं असतं, किंवा माझ्यात रक्त असतं, तर? डॉक्टरणीनं चष्मा खाली घेतला, पुन्हा वर चढवला आणि दुसऱ्या खाटेकडं गेली.

दुपारनंतर मल्हारनं डोळे उघडले. बराच वेळ त्याला ती ओळखू आली नाही. मग ओठ हलले.

"आक्का? तू कशी आलीस?"

"विमानानं."

"तू?" त्याला हसू येतंय की रडू, कळेना. "भ्याली न्हाईस?"

"भ्याले." तिनं कापूस पाण्यात बुडवून त्याच्या ओठांना लावला. नर्स म्हणाली होती, डॉक्टर सांगतील, तुम्ही नका सांगू. पण तो शुद्धीवर येत होता आणि त्याचा हात चादरीवरून खाली सरकत होता. परक्या माणसाच्या तोंडून, परक्या भाषेत त्यानं हे ऐकावं, हे तिला सोसलं नसतं. तिनं तो हात धरला.

"मल्हार, आईक. माझ्याकडं बघ. तुझा उजवा पाय न्हाई राहिला. डॉक्टरांनी काढला. सही मी केली."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात सोडवून घेतला.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिनं भरवलं तर खायचा, तोंड पुसलं तर पुसू द्यायचा, पण नजर छताला. आदिनाथशी मात्र बोलायचा, हळू आवाजात. चंदा खाटेशेजारी स्टुलावर बसून राहायची. फोनवर महारुद्र विचारायचा, तू कशी हायेस, पोटात दुखतंय का. ती म्हणायची, बरी हाय. सुनेत्रा मॅडमचा फोन आला तेव्हा तिनं खोटं बोलल्याचं सांगून टाकलं. मॅडमनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परत आलात की आधी माझ्याकडे या. तुमच्या बाळंतपणासाठी आतापासून माणसं शोधायला लागू." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चंदाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मल्हार छताकडं बघतच म्हणाला, "मला विचारायचं होतं."

"तू शुद्धीवर न्हवतास."

"उठवायचं होतं मग."

चंदानं त्याची चादर सरळ केली. उठवलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

"आन आदिनाथ म्हणायलाय ते खरं हाय का?" त्यानं पहिल्यांदा मान तिच्याकडं वळवली. डोळे रडून सुजलेले होते. "तुला दिवस गेलेत. तसल्यात तू रक्त द्यायला आली होतीस?"

"हौ."

"येडी हायेस का तू?" त्याचा आवाज फाटला. "तुला काय झालं असतं म्हंजी? म्या काय तोंड दाखवलं असतं दाजीला?"

ती मान खाली घालून बसली. सकाळपासून तिच्या कमरेत हलकीशी कळ येत होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि आता ती खरी आहे की भीतीची, हे तिलाच कळत नव्हतं.

मल्हारनं कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. उरलेल्या पायाला आणि न उरलेल्या पायाला सारखंच दुखलं असावं, कारण तो दात दाबून परत आडवा झाला. मग धापा टाकत त्यानं दाराशी उभ्या असलेल्या आदिनाथला हाक मारली.

"आदिनाथ, त्या डॉक्टरणीला बोलीव. माझ्यासाठी न्हाई. म्हणावं, हिला तपासा. दोन दिस झाले, ही स्टुलावरच बसून हाय."

आदिनाथ गेला. चंदानं उठून बाहेर जायला पाहिलं, पण मल्हारनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं आणि डॉक्टरीण येईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही.